पुण्याचे नाक

लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझीन’ या मासिकात १७९४ च्या ऑक्टोबरमध्ये एक पत्र छापून आले. खाली सही फक्त ‘बी. एल.’ एवढीच. पत्रासोबत एका माणसाचे चित्र होते. अंगाने धट्टाकट्टा, चेहरा शांत, कपाळावर एक मोठा व्रण आणि त्या व्रणाखाली जरा निराळ्या घडणीचे नाक. चित्राच्या कडेला मेणाच्या एका पातळ पत्र्याची आकृती होती. कापलेल्या नाकाच्या जागी नवे नाक बसवण्याची, हिंदुस्थानात पूर्वापार चालत आलेली आणि युरोपात ठाऊक नसलेली शस्त्रक्रिया आपण सांगत आहोत, असे पत्रलेखकाने म्हटले होते. ती झाली होती पुण्याजवळ आणि करणारा वीटभट्टीवाल्यांच्या, म्हणजे आपल्याकडच्या हिशेबाने कुंभाराच्या, जातीचा माणूस होता. आज जगातल्या प्लास्टिक सर्जरीच्या बहुतेक पाठ्यपुस्तकांच्या इतिहासाच्या प्रकरणात हे चित्र असते.

चित्रातल्या माणसाचे नाव पत्रात ‘कावसजी’ असे दिले आहे. नाव पारशी वाटते, पण पत्रात त्याला स्पष्टपणे मराठा आणि शेतकरी जातीचा म्हटले आहे. कोणत्या मराठी नावाचे इंग्रजी कानाने हे रूप केले असेल ते असो. टिपू सुलतानाविरुद्धच्या तिसऱ्या म्हैसूर युद्धात (१७९०–९२) तो इंग्रजी फौजेकडे बैल हाकायला होता. या युद्धात पेशव्यांच्या फौजा हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन यांच्या हाताखाली इंग्रजांच्या बाजूने लढत होत्या. अशा मोहिमेत तोफा, दाणा, तंबू, सारे काही बैलांच्या बळावर चालायचे आणि रसद तोडायची तर बैल हाकणाराच आधी गाठायचा. कावसजी टिपूच्या लोकांच्या हाती सापडला. त्यांनी त्याचे नाक कापले, एक हातही तोडला. तशा अवस्थेत तो श्रीरंगपट्टणजवळ मुंबईच्या फौजेत परत आला. पुढे कंपनीने त्याला निवृत्तिवेतन दिले. वर्षभराहून अधिक काळ तो नाकाविना राहिला. चित्र जानेवारी १७९४ मध्ये, शस्त्रक्रियेला दहा महिने झाल्यावर काढले, असे पत्र सांगते. म्हणजे नाक बसले ते १७९३ च्या मार्चच्या सुमारास. चित्रकार जेम्स वेल्स हा स्कॉटिश माणूस तेव्हा पुण्यातच होता. सवाई माधवराव आणि नाना फडणवीस यांची चित्रे काढणारा वेल्स तो हाच.

आता कृती. हात लावण्याआधी कुंभार मेणाचा पातळ पत्रा घेई आणि नाकाच्या उरलेल्या खुंटावर तो दाबून, वळवून त्याचे चांगले दिसणारे नाक घडवी. ते मेणाचे नाक मग सपाट करून कपाळावर ठेवायचे आणि त्याच्या कडेने रेघ मारायची. रेघेच्या आतली कातडी सोडवायची, मात्र दोन भुवयांच्या मधला एक छोटा पट्टा तसाच जोडलेला ठेवायचा. खुंटावरचा जुना व्रण तासून ताजा करायचा. त्याच्यामागे, दोन्ही नाकपुड्यांच्या कडेने आणि वरच्या ओठावरून, एक चीर द्यायची. कपाळाची कातडी खाली आणून, अर्धा फेर वळवून तिच्या कडा त्या चिरेत बसवायच्या. वरून लावायला कात. विड्यात घालतात तोच! पाण्यात भिजवलेला कात कापडाच्या पट्ट्यांना फासून अशा पाच-सहा पट्ट्या एकावर एक ठेवायच्या. चार दिवस दुसरे काही नाही, त्यानंतर तुपात बुडवलेली फडकी. पाच-सहा दिवस रोग्याने उताणे पडून राहायचे. दहाव्या दिवशी नाकपुड्या बुजू नयेत म्हणून त्यात मऊ कापडाचे बोळे. आणि सुमारे पंचविसाव्या दिवशी भुवयांमधला तो पट्टा कापून नाक थोडे नीटनेटके करायचे.

मुंबई इलाख्यातल्या दोन इंग्रज डॉक्टरांनी ही शस्त्रक्रिया होताना पाहिली होती, टॉमस क्रूसो आणि जेम्स फिंडले. दुसऱ्याचे आडनाव मासिकाने चुकीचे छापले आणि पुढे ते बऱ्याच ग्रंथांत तसेच उतरले. रोग्याचे नाव राहिले, पाहणाऱ्यांची नावे राहिली, चित्रकाराचेही राहिले. ज्याने नाक बसवले त्याचे पत्रात नाव नाही, फक्त जात आहे.

या कृतीतली प्रत्येक पायरी आजच्या शरीरशास्त्राला पटते. भुवयांमधला जो पट्टा कुंभाराने राखला त्यातूनच डोळ्याच्या आतल्या कोपऱ्याजवळून वर चढणारी रक्तवाहिनी कपाळाला रक्त पुरवते. या देठामुळे वळवलेली कातडी जिवंत राहते. तीन आठवड्यांत नाकाच्या जागेवरून नव्या वाहिन्या कातडीत शिरतात आणि देठाची गरज संपते. आजही कपाळाचा फ्लॅप, म्हणजे अशी देठावर वळवलेली कातडी, वापरणारे सर्जन बहुधा तिसऱ्या आठवड्याच्या अखेरीस देठ कापतात. मेणाच्या जागी आज टाक्यांच्या पाकिटातला चंदेरी पत्रा किंवा कागद वापरतात, एवढाच फरक. नाकाचा खोलगट, वळणदार आकार सपाट कपाळावर मोजायचा असेल तर आधी साचा घडवून तो उलगडण्याला आजही चांगला पर्याय नाही. कातामध्ये टॅनिन असते, ते तुरट असते आणि वाळून कडक होते. टाके न घालता कडा धरून ठेवायला त्याचा उपयोग झाला असणार.

‘सुश्रुताची शस्त्रक्रिया पुण्यात जशीच्या तशी टिकली होती’ असे वाक्य आपल्याकडे वारंवार छापले जाते. ते जपून घ्यावे असे मला वाटते. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात कान आणि नाक जोडण्याचा विधी आहे, आणि तो थोर आहेच. तिथे पानाने नाकाचे माप घ्यायला सांगितले आहे, नाकपुड्यांत नळ्या ठेवायला सांगितल्या आहेत, वर ज्येष्ठमधासारखी चूर्णे टाकायला सांगितली आहेत. पण कातडी घ्यायची ती गालाची. पुण्याच्या कुंभाराने ती कपाळाची घेतली. मधल्या शतकांत कोणी, कुठे, कोणत्या अनुभवाने गाल सोडून कपाळ धरले, त्याचे टिपण उरलेले नाही. पण जो बदल झाला तो फार हुशारीचा होता. गालाची कातडी ओढली की डोळा आणि ओठ दोन्ही ओढले जातात. कपाळाच्या कातडीचा रंग आणि जाडी नाकाशी जवळपास जुळते, आणि मागे राहणारा व्रण फेट्याखाली झाकता येतो.

युरोपातही तोवर एक पद्धत होऊन गेली होती. बोलोन्या शहरातला गास्पारे तालियाकोत्सी याने १५९७ मध्ये या विषयावर मोठा ग्रंथ छापला. तो कातडी घेई दंडाची. दंडावरचा कातडीचा पट्टा एका टोकाला दंडाशी जोडलेला ठेवून दुसरे टोक नाकाला शिवायचे आणि तो जगेपर्यंत हात डोक्यावर घेऊन चेहऱ्याशी बांधून ठेवायचा, दोन-तीन आठवडे. ग्रंथातली ती चित्रे पाहताना आपलाच खांदा दुखू लागतो. तालियाकोत्सीच्या मागे ही पद्धत मागे पडली आणि दोनशे वर्षांनी पुण्याचे पत्र आले तेव्हा युरोपाला ते नवलच वाटले.

ते वाचून कोणी लगेच चाकू उचलला नाही. लंडनच्या जोसेफ कार्प्यू याने हिंदुस्थानात राहून आलेल्यांना गाठून चौकशी केली, प्रेतांवर हात बसवला, योग्य रोग्याची वाट पाहिली. २३ ऑक्टोबर १८१४ रोजी त्याने एका लष्करी अधिकाऱ्याच्या कपाळाची कातडी उतरवून नाक बसवले. भूल अजून सापडली नव्हती. नंतर त्याने आणखी एकावर ती शस्त्रक्रिया केली. या दुसऱ्या अधिकाऱ्याचे नाक स्पेनमधल्या आल्बुएराच्या लढाईत तलवारीने गेले होते. १८१६ मध्ये कार्प्यूने दोन्ही रोग्यांची हकीकत पुस्तकरूपाने छापली. १८१८ मध्ये बर्लिनच्या कार्ल फर्डिनांड फोन ग्रेफे याने आपल्या ग्रंथाला ‘ऱ्हिनोप्लास्टिक’ हे नाव दिले आणि नाक घडवण्याच्या साऱ्या शस्त्रक्रियांना तेच चिकटले. कपाळाच्या कातडीची पद्धत जगात आजही ‘भारतीय पद्धत’ म्हणूनच ओळखली जाते.

या पद्धतीत एक मोठी उणीव होती आणि ती भरून निघण्याची गोष्ट पुन्हा मराठी मुलखाच्या आसपासच घडली. नाक म्हणजे तीन थर: बाहेरून कातडी, मध्ये हाड आणि कूर्चा, आतून ओलसर अस्तर. कुंभाराने फक्त बाहेरचा थर दिला. आतली बाजू उघडी राहिली की ती भरताना आकसते आणि आज ऐटदार दिसणारे नाक काही महिन्यांत आखडू लागते. होळकरांच्या इंदूरला रेसिडेन्सी सर्जन असलेल्या डी. एफ. कीगनने नाकाच्या खुंटावरची कातडी उलटी करून खाली आणली, तिचे अस्तर केले आणि त्यावर कपाळाचा फ्लॅप बसवला. त्याचे पुस्तक १९०० मध्ये निघाले. त्याआधी १८८९ मध्ये जुनागढच्या त्रिभुवनदास मोतीचंद शहा यांनी आपल्या अनुभवावर पुस्तक लिहिले होते. त्या भागातल्या दरोडेखोरांनी कापलेली शंभरावर नाके त्यांनी बसवली होती. कापणारे होते म्हणून जोडणाऱ्यांचा हात बसला, हे कटू असले तरी खरे आहे.

मग कुष्ठरोग. यात नाक खचते ते कातडी गेल्यामुळे नव्हे. रोग आतले अस्तर आणि नाकाच्या मधल्या पडद्याची कूर्चा खातो, अस्तर आकसते आणि बाहेरची धडधाकट कातडी, खांब काढून घेतलेल्या पालासारखी, आत ओढली जाते. अशा माणसाच्या कपाळाची कातडी आणून नाकावर बसवली तर एका व्यंगावर दुसरे चढवल्यासारखे होईल. इंग्लंडच्या हॅरोल्ड गिलीज यांनी यावर तोड काढली: आकसलेले अस्तर आतून सोडवायचे, नाक पुढे आणायचे आणि आतल्या पोकळीला साच्यावर गुंडाळलेल्या पातळ कातडीचे अस्तर लावायचे. बाहेर एकही व्रण नाही. गिलीज यांच्याकडे शिकलेले डॉ. नोशीर अंटिया यांनी पुण्याजवळ कोंढव्याच्या कुष्ठरुग्णालयात विरूप झालेले चेहरे आणि हात दुरुस्त करण्याचे काम पुढे चालवले. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. सी. बालकृष्णन यांनी १९५८ मध्ये प्लास्टिक सर्जरीचा स्वतंत्र विभाग उभा केला, देशातला पहिला.

इथपर्यंत आलो की नाकाच्या शस्त्रक्रियेची पद्धत कशी निवडायची याचे उत्तर जवळजवळ हाती आलेले असते. तीन थरांपैकी काय कमी आहे आणि काय जास्त आहे, हे आधी ठरते. पद्धत त्यामागून येते. ‘ओपन करणार की क्लोज्ड?’ हा आज सर्वांत आधी विचारला जाणारा प्रश्न खरे तर तिसरा-चौथा आहे.

धडधाकट नाक केवळ आकारासाठी बदलण्याची सुरुवात फार अलीकडची. न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टरचा जॉन ऑर्लँडो रो याने १८८७ मध्ये नाकाच्या आतूनच चीर देऊन शेंडा लहान केला. बर्लिनच्या जाक योझेफने १८९८ मध्ये, आपल्या अवाढव्य नाकापायी लोकांत जायला लाजणाऱ्या एका तरुणाचे नाक छोटे केले. पुढे त्याने साऱ्या चिरा आतल्या बाजूला नेल्या आणि कित्येक दशके जगभरचे सर्जन त्याच वाटेने गेले. ही ‘क्लोज्ड’ पद्धत. चेहऱ्यावर व्रण नाही, सूज तुलनेने कमी. पण सर्जन अरुंद फटीतून, पुष्कळसे हाताच्या स्पर्शाने काम करतो. बुडापेस्टच्या ऑरेल रेथी याने १९३४ मध्ये दोन नाकपुड्यांमधल्या खांबावर आडवी चीर देऊन कातडी वर उचलण्याची रीत मांडली. १९७० च्या दशकात ती नव्याने पुढे आली आणि ‘ओपन’ म्हणून रूढ झाली. यात सारा सांगाडा डोळ्यांसमोर येतो. डावी-उजवी बाजू जुळवता येते, कूर्चेचे तुकडे टाक्यांनी नेमके बसवता येतात. मोबदला म्हणून खांबावर बारीकसा व्रण राहतो, जो नीट शिवला तर शोधून काढावा लागतो, आणि शेंड्याची सूज बरेच दिवस रेंगाळते.

दांड्यावरचा छोटा उंचवटा काढायचा असेल आणि शेंडा चांगला असेल तर आतून काम भागते. नाक अपघाताने वाकलेले आहे, शेंडा बेढब आहे, आधी एक शस्त्रक्रिया फसलेली आहे, अशा वेळी बहुतेक सर्जन उघडून काम करतात. आपल्याकडच्या अनेक नाकांत शेंड्याची कातडी जाड आणि आतली कूर्चा नरम असते. अशा नाकातून कूर्चा काढून टाकून ते रेखीव होत नाही, कारण जाड कातडी आकसून त्या सांगाड्यावर घट्ट बसत नाही. उलट आधार वाढवावा लागतो. त्यासाठीची कूर्चा बहुधा नाकाच्या पडद्यातून, नाहीतर कानातून किंवा बरगडीतून घेतात. पडद्यातून घेताना वरची आणि पुढची मिळून सुमारे एक-एक सेंटिमीटर रुंदीची कमान राखावीच लागते. ती राहिली नाही तर काही वर्षांत दांडा खचतो. सिलिकॉनचा तुकडा घालणे झटपट होते, पण तो सरकण्याचा आणि कातडी फोडून बाहेर येण्याचा धोका आयुष्यभर सोबत राहतो.

वाकडे नाक बहुधा वाकड्या पडद्यावर उभे असते. त्यामुळे श्वासाची चौकशी न करता फक्त आरशातल्या आकारावर बोलणारा सर्जन मला अपुरा वाटतो. नाकाच्या आत, मधल्या भागात, हवेच्या वाटेचा सर्वांत अरुंद कोन जेमतेम दहा-पंधरा अंशांचा असतो. वरचा दांडा बारीक करताना तोच आवळला गेला तर नाक सुबक होते आणि माणूस रात्री तोंडाने श्वास घेऊ लागतो.

आता प्रश्न उरतो तो कुठे आणि कोणाकडे जायचे याचा. उदाहरण म्हणून लखनौ घेऊ. तिथे रायबरेली रस्त्यावर उत्तर प्रदेश आवास विकास परिषदेने वसवलेली वृंदावन योजना आहे. तिच्या शेजारीच संजय गांधी स्नातकोत्तर आयुर्विज्ञान संस्था आहे आणि संस्थेचे अपघात केंद्र तर योजनेच्या हद्दीतच. शहराच्या जुन्या भागात किंग जॉर्ज वैद्यकीय विद्यापीठ आहे. दोन्हीकडे प्लास्टिक सर्जरीचे विभाग आहेत. बाहेर, इतर कुठल्याही मोठ्या शहरासारख्याच, ‘नोज जॉब’च्या पाट्याही आहेत. तिथे राहणाऱ्या कुटुंबापुढे, आणि पुण्या-नागपुरात राहणाऱ्यापुढेही, जो पेच येतो तो पर्याय फार असल्याचा आहे.

अपघाताच्या नाकात पहिली तपासणी पडद्याची व्हावी. अस्तराखाली रक्त साचून दोन्ही बाजूंनी पडदा फुगला असेल तर ते तातडीने काढावे लागते. नाहीतर थोड्याच दिवसांत कूर्चा मरते, आणि लहान मुलांत तर नाकाची पुढची वाढच बिघडते. नुसते सरकलेले हाड पहिल्या आठवड्या-दोन आठवड्यांत जागेवर बसवता येते. ती वेळ टळली की काही महिने थांबून रीतसर शस्त्रक्रिया करणे बरे. हौसेच्या शस्त्रक्रियेला मात्र कधीच घाई नसते. मुलींचे नाक साधारण पंधरा-सोळा आणि मुलांचे सतरा-अठरा वर्षांपर्यंत वाढत असते, त्याआधी ते हाती घेऊ नये. ‘आज आगाऊ रक्कम भरली तर सवलत’ असे कोणी म्हणाले तर उठून घरी यावे.

सर्जन प्लास्टिक सर्जरीतला एम.सीएच. किंवा तत्सम पदवीचा असावा, अथवा नाकाच्या आकारावरच्या शस्त्रक्रियांचे खास शिक्षण घेतलेला कान-नाक-घसा तज्ज्ञ असावा. दोन्ही वाटांनी उत्तम सर्जन घडलेले आहेत. नाव राज्याच्या वैद्यक परिषदेच्या नोंदवहीत आहे का, ते पाहता येते. पण पदवी पाहून संपत नाही. क्रूसो आणि फिंडले हे शिकलेले डॉक्टर एका कुंभाराचे काम उभे राहून पाहत होते, कारण नाक बसवणे त्याला येत होते आणि त्यांना येत नव्हते. म्हणून आपल्यासारख्या नाकांवर, म्हणजे तशाच कातडीच्या आणि तशाच दोषाच्या नाकांवर, या माणसाने किती काम केले आहे ते विचारावे. छायाचित्रे मागावीत, तीही शस्त्रक्रियेनंतर किमान वर्षाने काढलेली, समोरून, दोन्ही बाजूंनी आणि खालून. तीन महिन्यांचे चित्र फसवे असते, कारण सूज शेंड्यावर सर्वांत जास्त काळ टिकते आणि खरा आकार दिसायला वर्ष किंवा त्याहून जास्त लागते. भूल कोण देणार, कुठल्या रुग्णालयात, काही अडले तर अतिदक्षतेची सोय आहे का, हेही तिथेच विचारावे. जाणकार सर्जनला या प्रश्नांचा राग येत नाही.

संगणकावर नवे नाक काढून दाखवण्याची सोय आता सर्रास आहे. बोलणे नेमके व्हायला ती उपयोगी आहे. पण कुंभाराचे मेण जितके होते तितकीच कातडी कापली जाई, संगणकाच्या पडद्यावरच्या चित्राला असला हिशेब नसतो. ‘शस्त्रक्रियेशिवाय नाक’ म्हणून फिलरची, म्हणजे आकार भरणाऱ्या द्रव्याची, जी इंजेक्शने देतात त्यांच्याबद्दल आणखी सावध राहावे. भुवयांमधल्या आणि नाकावरच्या रक्तवाहिन्या डोळ्याच्या वाहिन्यांशी जोडलेल्या असतात. ज्या जोडणीवर कावसजीचे नाक जगले, तिथेच भलत्या जागी शिरलेले फिलर कायमचे अंधत्व आणू शकते, आणि अशा दुर्घटनांत नाक आणि भुवयांमधली जागा सर्वांत धोक्याच्या गणल्या जातात.

चांगल्या हातांखालीही शेकड्यात पाच ते पंधरा जणांना दुसरी शस्त्रक्रिया लागते, असे आकडे साधारणपणे दिले जातात. तिच्यासाठी वर्षभर तरी थांबावे लागते. पडद्याची कूर्चा आधीच वापरलेली असल्याने बहुधा कानाकडे किंवा बरगडीकडे वळावे लागते. खर्च कोणाचा, हे पहिल्या भेटीतच लेखी ठरवावे. आणि पहिल्या वेळी काय काढले, काय घातले, कुठून घेतले याचे शस्त्रक्रियेचे टिपण घरी सुटताना मागून घेऊन ठेवावे. दुसऱ्या सर्जनला आत काय आहे हे उघडण्याआधी सांगू शकेल असा तेवढाच कागद असतो.